चुलीपर्यंत पोहोचलेला इतिहासकार : डॉ. ह. धी. सांकलिया

(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या पुस्तकात आपण राजघराण्यांच्या वंशावळी पाठ करतो. कोणी कोणाचा पराभव केला, तह कोणत्या साली झाला, देऊळ कोणी बांधले, हे परीक्षेत लिहून गुण मिळवतो. परंतु त्याच काळात आपल्या भागात राहणारा साधा माणूस काय खात होता, त्याच्या पोराबाळांना पोटभर मिळत होते की नाही, पाऊस पडला नाही तर तो काय करी, ह्याचा उल्लेख बहुधा कुठे सापडत नाही. ज्यांच्या पदरी लिहिणारे होते त्यांचा इतिहास लिहिला गेला. बाकीच्यांचा राहून गेला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. घरात सात-बाराच्या उताऱ्याखेरीज जुना असा एकही कागद नाही. अशा घरातून आलेल्या मुलामुलींना इतिहास हा विषय आपला कसा वाटावा?

ह्या प्रश्नाचे उत्तर मला एका माणसाच्या आयुष्यात सापडले. ते म्हणजे थोर पुरातत्त्ववेत्ते डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. ज्यांनी एक अक्षरही मागे ठेवले नाही अशा लोकांचा इतिहास लिहिता येतो, त्यांच्या चुलीतल्या राखेतून, जळून काळ्या पडलेल्या धान्यातून आणि खुद्द त्यांच्या हाडांतून व दातांतून तो वाचता येतो, हे महाराष्ट्रात ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले त्यांत त्यांचे स्थान पहिले आहे. म्हणून ह्या लेखात त्यांच्या जीवनाचा आणि विशेषतः कार्याच्या ह्या बाजूचा परिचय करून देण्याचा माझा प्रयत्न आहे.

बालपण आणि शिक्षण

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे गुजरातचे आणि पेशाने वकिलांचे. मूल इतके अशक्त होते की ते जगेल अशी आशा कोणाला वाटत नव्हती. परंतु ते जगले आणि पुढे डोंगरदऱ्या, नदीकाठ आणि रणरणते ऊन तुडवीत त्याने ऐंशी वर्षांचे आयुष्य काढले.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास लोकमान्य टिळकांच्या, वेदांतील आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे असल्याचे मांडणाऱ्या ग्रंथाचे गुजराती भाषांतर त्यांच्या हाती पडले. त्या वयात त्यातले फारसे काही उमगणे शक्य नव्हते. मात्र आपल्या देशातील माणूस मुळात कुठला, तो कधीपासून इथे आहे, हे शोधायचे असा निश्चय त्यांनी केला. टिळकांचा अभ्यास संस्कृत आणि गणित ह्या विषयांचा, म्हणून आपणही तेच विषय घ्यायचे असे त्या मुलाने ठरवले. वकिलाच्या घरातील मुलगा म्हणून त्यांनी कायद्याचाही अभ्यास केला, पण मन रमले ते प्राचीन इतिहासात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो १९३४ साली पुस्तकरूपाने निघाला.

पुढे ते लंडनला गेले. तेथे गुजरातच्या पुरातत्त्वावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या मुक्कामात त्यांना सर मॉर्टिमर व्हीलर ह्यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथील उत्खननात काम करायला मिळाले. जमीन थराथराने कशी उलगडायची, प्रत्येक थरातील वस्तूची नोंद कशी ठेवायची, मातीचा रंग बदलला तर त्याचा अर्थ काय, हे शिक्षण त्यांना ग्रंथालयात मिळाले नसते. तिथे ते खड्ड्यात उतरून मिळाले.

डेक्कन कॉलेजातील दिवस

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले. त्याच वर्षी सांकलिया तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. समाजशास्त्राच्या विभागात त्याच वर्षी आल्या डॉ. इरावती कर्वे. मराठी वाचकांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. परंतु त्यांचे जर्मनीतील शिक्षण मानवशास्त्राचे होते आणि बर्लिनला त्यांनी माणसाच्या कवटीवर संशोधन केले होते. एकाला जमीन वाचता येत होती, दुसरीला हाडे वाचता येत होती. योगायोगाने एकाच संस्थेत आलेल्या ह्या दोघांनी मिळून जे काम केले, तेथून आपल्याकडील ह्या शाखेला चालना मिळाली असे म्हणता येईल.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचे गाव आहे. तेथील वाळूच्या टेकाडावर सांकलियांना दगडाची अगदी बारीक हत्यारे मिळाली. शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या लोकांची ती वस्ती होती. १९४४ साली तेथे खोदताना माणसांचे सांगाडे हाती लागले. इरावतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या. वाळूतून सांगाडा सुटा करणे हे फार नाजूक काम असते. कुंचल्याने एकेक कण झाडावा लागतो आणि एक धक्का लागला तर हजारो वर्षे टिकलेले हाड क्षणात भुगा होते. ज्यांचे नाव, भाषा, देव ह्यांपैकी काहीही आपल्याला ठाऊक नाही, अशी ती माणसे मात्र समोर होती. त्यांच्या आसपास जनावरांची हाडे होती. ती कोणत्या प्राण्यांची हे पाहिले की जेवणाचा अर्धा हिशेब लागत होता.

आर्यांचा शोध घेण्यासाठी निघालेला विद्यार्थी येथे शिकाऱ्यांच्या जेवणापाशी येऊन पोहोचला. सांकलियांच्या आयुष्यातले हे वळण मला फार महत्त्वाचे वाटते.

नदीकाठची गावे

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत सांकलिया आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्रातील नदीकाठ अक्षरशः पालथे घातले. १९५०-५१ साली नाशिक आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे उत्खनन झाले. जोर्व्याला तांबड्या रंगाची, काळ्या रंगाने चित्रे काढलेली भांडी सापडली. पुढे तशीच भांडी अनेक गावांत मिळू लागली आणि ती वापरणाऱ्या लोकांच्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती असे नाव पडले. हे महाराष्ट्रातले आद्य शेतकरी. त्यांना तांबे माहीत होते पण लोखंड ठाऊक नव्हते. दगडाची पाती आणि तांब्याची थोडी हत्यारे असा त्यांचा संसार, म्हणून ह्या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात.

१९५४ पासून प्रवराकाठी नेवाशाला खोदकाम झाले. नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वर माउली आठवतात. त्याच गावाच्या मातीखाली आणखी किती तरी गावे एकावर एक निजली होती. तेथे घरांच्या जमिनीखाली रांजण सापडले. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत तान्ह्या मुलाची हाडे. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तांब्याच्या गंजामुळे तिचा दोराही टिकून राहिला होता. आईबापांनी आपले मूल गावाबाहेर नेऊन टाकले नाही, ते आपल्या घरातच, आपल्या पायाखाली ठेवले. तीन हजारांहून अधिक वर्षे झाली तरी ह्या गोष्टीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

नर्मदेच्या काठी महेश्वरसमोर नावडातोली येथे जे उत्खनन झाले, त्यात धान्याचे जळके दाणे मिळाले. धान्य जळून कोळसा झाले की त्याला कीड लागत नाही आणि ते कुजत नाही, त्यामुळे दाण्याचा आकार जसाच्या तसा टिकतो. तज्ज्ञांनी ते दाणे तपासले तेव्हा सुरुवातीच्या लोकांकडे गहू होता आणि नंतरच्या थरांत तांदूळ, मसूर, वाटाणा, लाख अशी धान्ये व कडधान्ये आली, असे दिसले. कोणत्या राजाने राज्य केले हे न सांगताही एका गावाचा शेकडो वर्षांचा इतिहास सांगता येतो, हे ह्या मूठभर दाण्यांनी दाखवून दिले.

आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे आपल्या बारामती तालुक्यातील सोनगाव. कऱ्हा आणि नीरा ह्या नद्यांच्या संगमावरील ह्या गावी १९६५ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकलियांचे सहकारी डॉ. शां. भा. देव आणि श्री. मजुमदार ह्यांनी उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. तेथेही जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. संगमावर देवदर्शनाला जाणारे आपल्यापैकी पुष्कळ जण असतील. आपण ज्या पायवाटेने जातो तिच्या आसपास तीन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी चूल पेटवीत होते, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. बारामतीचा इतिहास कवी मोरोपंतांपासून सुरू होतो असे आपण समजतो. तो त्याहून किती तरी जुना आहे.

इनामगाव

सांकलियांच्या कार्याचा कळस म्हणजे इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. घोड पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी आपल्या इंदापूर तालुक्यात उजनीच्या जलाशयात येते. म्हणजे इनामगावचे लोक आपल्याच खोऱ्यातले. १९६८ पासून जवळजवळ पंधरा वर्षांच्या काळात तेथे हंगामामागून हंगाम काम झाले. सांकलियांच्या बरोबर डॉ. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर होते. पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे एखादा उभा चर खणून थर मोजण्यावर न थांबता येथे विस्तीर्ण जागा आडवी उघडण्यात आली, त्यामुळे संपूर्ण गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आला.

हे गाव इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदते होते. शंभराहून अधिक घरे उघडकीस आली. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले. ते गावच्या प्रमुखाचे असावे असे संशोधक मानतात. नदीचे पाणी वळवण्यासाठी पाट आणि बांधही होता. त्या लोकांचे मुख्य पीक सातू. त्याशिवाय गहू, मसूर, वाटाणा, लाख आणि हुलगा. हुलग्याचे माडगे आपल्याकडे अजून होते, ते खाताना ह्या नात्याची आठवण ठेवायला हरकत नाही. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या ते पाळत, हरणांची शिकार करीत आणि नदीतले मासे खात.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा मिळाल्या. त्यावरून ते लोक गुरांचे मांसही खात होते असा निष्कर्ष निघतो. सांकलियांनी ही गोष्ट लपवली नाही, तशीच ती कोणाला डिवचण्यासाठीही वापरली नाही. पुरावा सांगतो तेवढे त्यांनी सांगितले. पूर्वजांनी काय खाल्ले हे आपल्या आजच्या आवडीनिवडीवर ठरत नसते. संशोधकाने ह्या बाबतीत किती निर्भय असावे, ह्याचा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे.

इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची होती. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडीत. कदाचित मृताने गाव सोडून जाऊ नये अशी त्यामागे समजूत असेल. पण चार पाय असलेल्या, कच्च्या मातीच्या एका मोठ्या रांजणात सुमारे ४० वर्षांचा एक पुरुष बसलेल्या स्थितीत मिळाला. त्याचे पाय मात्र शाबूत होते. तो गावातील कोणी मानाचा माणूस असावा. मानपान तेव्हाही होते आणि ते मरणानंतरही सुटत नव्हते.

ह्या सांगाड्यांचा अभ्यास अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे ह्यांनी केला. त्याचा ग्रंथ १९८६ साली निघाला. उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या संपादकांत ढवळीकर आणि अन्सारी ह्यांच्याबरोबर वयाची ऐंशी गाठत आलेल्या सांकलियांचेही नाव आहे.

हाडे काय सांगतात?

वाचकांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल की हाडावरून जेवण कसे ओळखायचे? त्याची थोडक्यात माहिती येथे देते.

प्रथम दात. पाट्यावर वाटलेल्या धान्यात दगडाची कच उतरते आणि तसे पीठ जन्मभर खाल्ले की दात झिजतात. आपले फिरते जाते हे पुष्कळ नंतरचे. जोर्वे काळच्या बायका गुडघ्यावर बसून पाट्यावरच धान्य वाटीत. पिठूळ, चिकट अन्न जास्त खाल्ले तर दात किडतात. म्हणून शिकाऱ्यांच्या दातांपेक्षा शेतकऱ्यांच्या दातांत कीड अधिक आढळते. दाताचे वरचे कवच एकदा तयार झाले की पुन्हा भरून येत नाही. मूल लहान असताना उपासमार झाली किंवा मोठा आजार आला, तर त्या काळात बनणाऱ्या कवचावर रेघ किंवा खळगा राहतो. हाड मोडले तर सांधते, पण दातावरची ही खूण जन्मभर राहते आणि मेल्यावरही राहते. दुधाच्या दातांचे कवच तर आईच्या पोटातच घडू लागते, म्हणून मुलाच्या दातावरून त्याच्या आईच्या पोषणाचाही अंदाज बांधता येतो.

दुसरी पद्धत रसायनाची. स्ट्रॉन्शियम नावाचे मूलद्रव्य जमिनीतून वनस्पतीत जाते. जनावराने वनस्पती खाल्ली की त्याच्या शरीरात कॅल्शियमच्या मानाने स्ट्रॉन्शियम कमी धरून ठेवले जाते. त्यामुळे मांस जास्त खाणाऱ्याच्या हाडात ते कमी आणि धान्य-भाजीपाला जास्त खाणाऱ्याच्या हाडात अधिक मिळते. इनामगावच्या माणसांच्या हाडांची अशी मूलद्रव्य-तपासणी डेक्कन कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी केली आणि ती १९८८ च्या अहवालात आहे. मात्र ह्या पद्धतीला एक धोका आहे. हाड हजारो वर्षे मातीत पडलेले असते, त्यामुळे मातीतले क्षारही त्यात मुरतात. माणसाने खाल्लेले कोणते आणि मातीने दिलेले कोणते हे वेगळे करावे लागते. म्हणून आजचे संशोधक ह्या आकड्यांकडे सावधपणे पाहतात.

तिसरी पद्धत समस्थानिकांची. कार्बनचे जड आणि हलके असे प्रकार असतात. गहू, सातू, तांदूळ आणि कडधान्ये ही झाडे हवेतून कार्बन एका रीतीने घेतात, तर ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस दुसऱ्या रीतीने घेतात. त्यामुळे दुसऱ्या गटात जड कार्बन तुलनेने जास्त असतो. तो अन्नावाटे हाडात उतरतो. अमेरिकेतील मूळ रहिवासी मका केव्हापासून खाऊ लागले हे १९७० च्या दशकात ह्याच पद्धतीने शोधले गेले. नायट्रोजनच्या जड प्रकारावरून मांस, मासे किंवा दूध ह्यांचा वाटा कळतो. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या हाडात तो आईपेक्षा जास्त असतो आणि दूध तुटले की उतरत जातो. इंग्लंडमधील व्हॅरम पर्सी ह्या मध्ययुगीन उजाड खेड्यातील हाडांवरून तेथील आया मुलांना सुमारे दीड ते दोन वर्षे अंगावर पाजीत होत्या, असे निघाले.

ही माहिती वाचताना मी आपल्या गावांचा विचार करू लागले. आपल्या जिरायती भागाचे अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी आणि बागायती भागाचे पीक म्हणजे ऊस. ही तिन्ही दुसऱ्या गटातली. उद्या कोणी आपली हाडे तपासली तर बारामती-इंदापूरचा माणूस त्यांतून सहज ओळखू येईल. आणि सातू-गहू खाणारा इनामगावचा शेतकरी वेगळा निघेल. ज्वारी-बाजरी मुळात आफ्रिकेतून आलेली धान्ये आहेत. जी भाकरी आपल्याला अनादि काळापासूनची वाटते, तीही कधी तरी पाहुणी म्हणूनच आली होती. अर्थात निष्कर्ष काढताना घाई करून चालत नाही. आपल्या माळावरची पुष्कळ गवतेही ज्वारीच्याच गटातली आहेत आणि ती खाल्लेल्या मेंढीच्या मांसातून वा दुधातूनही तो कार्बन माणसात येऊ शकतो. शिवाय आपल्या उष्ण हवेत आणि काळ्या जमिनीत हाडातील कोलॅजन हा द्रव्यभाग फार टिकत नाही. म्हणून एकाच पुराव्यावर विसंबून न राहता दाणे, जनावरांची हाडे, दात आणि रसायन ह्या सर्वांची साक्ष एकत्र घ्यावी लागते. सांकलियांनी डेक्कन कॉलेजात वनस्पती, प्राणी, माती अशा वेगवेगळ्या विषयांच्या अभ्यासकांना एका छपराखाली आणले ते ह्याचसाठी.

आणखी एक अडचण म्हणजे हाडे मिळायला माणसे पुरलेली असावी लागतात. पुढच्या काळात दहनाची चाल रूढ झाली आणि सातवाहन-यादवांच्या काळातील सामान्य माणसांचे सांगाडे आपल्याकडे विरळ झाले. त्यामुळे तीन हजार वर्षांपूर्वीच्या इनामगावच्या मुलाविषयी आपल्याला जे कळते, ते सातशे वर्षांपूर्वीच्या खेड्यातील मुलाविषयी कळणे अवघड जाते.

दुष्काळाची साक्ष

इसवी सनापूर्वी १००० नंतर इनामगावचे दिवस पालटले. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. गव्हाचे प्रमाण घटले, शिकार आणि मेंढपाळी वाढली आणि सुमारे ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. पाऊसमान घटले म्हणून हे झाले, असे ढवळीकरांनी मांडले. पुढे ह्या शतकात झालेल्या सांगाड्यांच्या नव्या अभ्यासात ह्या उत्तरकाळातील मुलांची वाढ खुंटलेली दिसली. हवामानाच्या कारणाविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. पण पोरांच्या पोटाला कमी मिळत होते, ही गोष्ट हाडांनी नोंदवून ठेवली आहे.

इनामगावचे उत्खनन चालू असतानाच्या वर्षांतच महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ कोसळला. आमच्या इंदापूरच्या बाजूच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तो अजून येतो. माझी आजी तेव्हा खडी फोडायच्या कामावर होती. परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ह्यांवर घर जगले असे ती सांगते. तिने ते कुठे लिहून ठेवलेले नाही, तिला लिहिता येत नाही. सरकारी अहवालात कामावरील मजुरांचे आकडे सापडतील, आजी त्या आकड्यांतला एक आकडा असेल. तीन हजार वर्षांपूर्वी घोडेच्या काठी अशीच कोणी बाई आपल्या लेकराला हरणाचे मांस नि मूठभर सातू वाटून घालीत असेल. तिची नोंद घ्यायला एक विद्वान मनुष्य आपले वकिलीचे घराणे सोडून, उन्हात खड्ड्याशी बसला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

अखेरची वर्षे

१९७३ साली सांकलिया सेवानिवृत्त झाले. १९७४ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७८ साली त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. आपला जन्मच पुरातत्त्वासाठी झाला असे त्याच्या नावातून त्यांनी सुचवले आहे. निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन-वाचन थांबले नाही. रामायणातील स्थळांविषयी त्यांनी मांडलेल्या मतांवर पुष्कळ वाद झाला, पण पुराव्यापलीकडे जायचे नाही ही भूमिका त्यांनी सोडली नाही. २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी तोवर देशभरातील विद्यापीठांत पसरले होते.

नालंदा विद्यापीठापासून ज्यांच्या लेखनाची सुरुवात झाली, ते अखेरीस नाव नसलेल्या मुलांच्या दुधाच्या दातांपर्यंत पोहोचले. विद्वान माणूस वयाबरोबर मोठमोठ्या विषयांकडे जातो असे आपण पाहतो. सांकलिया अधिकाधिक लहान वस्तूंकडे जात राहिले आणि त्यामुळेच त्यांच्या हाती सर्वांत मोठा विषय लागला. तो म्हणजे सामान्य माणसाचे जगणे.

आता आपल्यापुरते एक कर्तव्य उरते. नदीकाठच्या गावांत जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपण पांढरी म्हणतो. पांढरीची माती शेताला चांगली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून नेली जाते. आता तर यंत्राने एका दिवसात टेकाड सपाट होते आणि त्यावर ऊस उभा राहतो. भीमाकाठची किती तरी जुनी ठिकाणे उजनीच्या पाण्याखाली गेली, त्याला इलाज नव्हता. पण जी उरली आहेत त्यांचा इतिहास कुठल्याही दप्तरात नाही, तो त्या मातीतच आहे आणि माती शेतात पसरली की तो कायमचा गेला. तेव्हा आपल्या कॉलेजच्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. पांढरी उकरताना चित्र काढलेले खापर, जळके दाणे किंवा तोंडाला तोंड लावलेले रांजण दिसले, तर तेथेच थांबावे, काही हलवू नये आणि इतिहासाच्या सरांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. त्या रांजणात सोने नसते. त्यात आपल्याच खोऱ्यातले एखादे लेकरू असते, आणि ते काय जेवले हे सांगायला त्याच्याजवळ चार दातांखेरीज दुसरे काही नसते.